चित्राखालचं नाव

दिवाळी आली की एक चित्र हमखास मोबाइलवर फिरायला लागतं. साडीतली तरुण मुलगी, एका हातात दिवा, ज्योत विझू नये म्हणून दुसऱ्या हाताचा आडोसा, बोटांतून झिरपणारा तांबूस उजेड. खाली लिहिलेलं असतं, 'राजा रविवर्मा'.

ते रविवर्म्यांचं नाही. रविवर्मा १९०६ साली गेले आणि हे चित्र १९४५-४६ च्या सुमाराचं आहे. ते काढलं सावंतवाडीत जन्मलेल्या सावळाराम लक्ष्मण हळदणकरांनी. चित्रातली मुलगी त्यांचीच लेक, गीता. लग्नानंतर त्या उपळेकर झाल्या, कोल्हापुरात राहिल्या आणि २०१८ मध्ये, वयाची शंभरी ओलांडून गेल्या. म्हणजे अगदी परवापरवापर्यंत ही 'दिवेवाली' आपल्यातच होती, आणि आपण तिच्या वडिलांचं नाव पुसून दुसऱ्याचं लावत होतो.

मूळ चित्र म्हैसूरच्या जगनमोहन पॅलेसमध्ये आहे. मी समोर उभा राहिलो आणि बराच वेळ हललोच नाही. कारण ते जलरंगातलं काम आहे. तैलरंगात अंधार आधी रंगवता येतो आणि उजेड वरून चढवता येतो. पारदर्शक जलरंगात तसं चालत नाही. तिथे उजेड म्हणजे मुळात कागदच. तो आधीपासून राखून ठेवायचा आणि भोवतीचा अंधार थरावर थर देत गडद करत न्यायचा. एकदा रंग नको तिथे उतरला की तो पूर्णपणे मागे घेता येत नाही. चेहऱ्यावरचा, गळ्यावरचा, साडीच्या चुण्यांवरचा प्रकाश एकाच ज्योतीपासून लांब जाताना कसा मंद होत जातो, हे मोबाइलच्या पडद्यावर कळूच शकत नाही. आयुष्यभराच्या रियाजाशिवाय हे होत नाही. हळदणकरांनी १९०८ पासून मुंबईत स्वतःची कलासंस्था चालवली, पिढ्या घडवल्या. अशा माणसाच्या नावाची चोरी होते, तीही कुणाच्या मनात काही वाईट नसताना, याचं मला फार वाईट वाटतं.

आणि हे एकट्या हळदणकरांचं दुखणं नाही. सरकारी कचेऱ्यांमध्ये, शाळांमध्ये लागलेलं छत्रपती शिवाजी महाराजांचं शासनमान्य चित्र आठवा. ते कोल्हापूरच्या जी. कांबळे यांचं. 'मुघल-ए-आझम'ची पोस्टर्स रंगवणारे तेच हे. आपण त्या चित्राला हार घालतो, पुढे नतमस्तक होतो. पण कांबळ्यांचं नाव वर्गात किती शिक्षक सांगतात? रघुवीर मुळगावकरांचे देव घरोघरीच्या कॅलेंडरांवर होते. दीनानाथ दलालांच्या मुखपृष्ठांसाठी दिवाळी अंकांची वाट पाहिली जायची. आमच्या आईच्या पिढीला ही दोन नावं तरी पाठ होती. माझ्या भाचरांना तीही माहीत नाहीत, आणि यात दोष त्यांचा नाही, सांगायचं राहिलं ते आपल्याकडून.

गाणं लागलं की आपण लगेच विचारतो, कुणी गायलंय, चाल कुणाची? चित्राच्या बाबतीत हा प्रश्न आपल्या तोंडी का येत नाही?

प्रदर्शनांतही तेच. शहरातल्या एका प्रदर्शनाची निमंत्रणपत्रिका हातात आली होती. उद्घाटकांचं नाव ठळक, प्रमुख पाहुण्यांचं ठळक, प्रायोजकांचंही. ज्याची चित्रं बघायला यायचं तो चित्रकार खाली बारीक अक्षरांत. दालनात चित्रांखाली फक्त आकडे, त्यांची यादी टेबलावर, आणि ती एकच प्रत.

मुंबईच्या जहांगीर कलादालनात गेलात तर एक करा. चित्रकार बहुतेक तिथेच खुर्चीवर बसलेला असतो. आठवडाभराचं प्रदर्शन, त्यासाठी कित्येक वर्षं आधी केलेला अर्ज, फ्रेमिंगचा खर्च, गावाहून टेम्पोतून आणलेले कॅनव्हास, एवढं सगळं करून तो कुणीतरी बोलेल म्हणून बसलेला असतो. 'मला चित्रातलं कळत नाही' म्हणून तोंड फिरवून पुढे जाऊ नका. हा रंग इथे का, हे कशावर काढलंय, किती दिवस लागले, काहीही विचारा. चित्रकार मंडळी फार मनापासून सांगतात, असा माझा अनुभव आहे. फोटो काढायचा तर विचारून काढा, आणि टाकताना सहीचा कोपरा कापू नका.

आणि ज्यांच्या शाळेत, कचेरीत महाराजांचं ते चित्र लावलेलं आहे, त्यांनी खाली एक छोटी पट्टी लावावी: चित्रकार, जी. कांबळे, कोल्हापूर. त्याला ना निधी लागतो ना ठराव.