का दोरोची फरशी आणि तुमचा आक्षेप

नमस्कार,

व्हेनिसच्या का दोरोवरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलेली प्रतिक्रिया चार दिवस मनात घोळत होती. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: ज्याला मी पंधराव्या शतकातला गॉथिक, म्हणजे टोकदार कमानींच्या शैलीतला, वाडा म्हणून डोक्यावर घेतलं, तो खरं तर शंभरेक वर्षांपूर्वी एका धनिकाने हौसेनं तुकड्यांतून उभा केलेला देखावा आहे. ज्या फरशीवर मी परिच्छेदभर लिहिलं, ती जुनी नाहीच. नर्तकी मारी टाल्योनीला मी विनाकारण आरोपीच्या पिंजऱ्यात उभं केलं. आणि शेवटी, तुमच्या घरचा वाडा डोळ्यांदेखत पाडला गेला, खांब जुन्या बाजारात गेले, मी मात्र परक्यांच्या वाड्याची आरती ओवाळतो.

फरशीबद्दल तुमचं बरोबर आहे. पाण्याच्या दरवाजातून आत गेल्यावर तळमजल्याच्या दालनात जी रंगीत दगडांची फरशी दिसते, ती मी 'वाड्याइतकीच जुनी' असं लिहिलं होतं. ती विसाव्या शतकात घातलेली आहे. माहिती हाताशी असताना मी ती नीट तपासली नाही, ही माझी चूक. लेखात दुरुस्ती केली आहे.

पण त्या फरशीवरून तुम्ही अख्खा वाडाच खोटा ठरवता, तिथे मला तुमच्याशी भांडायचं आहे.

आधी जुनं काय आहे ते पाहू. मारीनो कोन्तारिनी हा व्हेनिसचा बडा सरदार-व्यापारी, सान मार्कोचा प्रोकुरातोर, म्हणजे तिथल्या मोठ्या मानकऱ्यांपैकी एक. त्याने 1421 च्या सुमारास ग्रँड कॅनॉल या शहरातल्या मुख्य कालव्याच्या काठी, पत्नीच्या माहेरच्या झेनो घराण्याचं जुनं घर होतं त्या जागेवर बांधकाम काढलं. ते 1440 च्या आसपास पुरं झालं आणि 1441 मध्ये तो वारला. घर उपभोगायला त्याला जेमतेम एखादं वर्ष मिळालं. पण या माणसाने एक गोष्ट अशी केली की तिच्यासाठी मी त्याचा कायमचा ऋणी आहे: बांधकामाचा हिशेब लिहून ठेवला. तो व्हेनिसच्या दफ्तरखान्यात टिकला. म्हणून आज पाथरवटांची नावंसुद्धा आपल्याला ठाऊक आहेत. जोव्हान्नी बोन आणि त्याचा मुलगा बार्तोलोमेओ हे स्थानिक, आणि मात्तेओ राव्हेर्ती मिलानहून आलेला. हेच बोन बापलेक पुढे डोजच्या, म्हणजे व्हेनिसच्या राज्यप्रमुखाच्या, राजवाड्याचा मुख्य दरवाजा घडवायला गेले.

त्या हिशेबात 1431 चा एक करार आहे. दर्शनी भिंत रंगवायचं काम झुआन दे फ्रान्झा या रंगाऱ्याला दिलं, त्याचा. भिंतीच्या माथ्यावरच्या चर्यांवरचे गोळे, पानं, सिंह, घराण्याचं चिन्ह यांना सोन्याचा वर्ख. कोरीवकामाच्या मागच्या भागाला लाजवर्द दगडाचा निळा, जो त्या काळी आजच्या अफगाणिस्तानातल्या बदख्शानच्या खाणींतून एवढ्या लांब यायचा. आणि व्हेरोनाचा तांबडा दगड अधिक तांबडा दिसावा म्हणून त्याला तेल आणि रोगण. मला यातली शेवटची ओळ सगळ्यात आवडते. सोनं काय, पैसा असला की कोणीही लावतो. दगडाचा मूळचा रंग उठून यावा म्हणून त्याला तेल चोळायला सांगणाऱ्याची नजर वेगळी. 'का दोरो' म्हणजे सोन्याचं घर, हे नाव त्या वर्खावरून आलं. व्हेनिसच्या रिवाजात राजवाडा म्हणायचा तो फक्त डोजचा. बाकी कितीही मोठा असो, ते घरच, 'का'.

सोनं आणि निळा दोन्ही गेले. खारं वारं, पाऊस आणि सहाशे वर्षं. राहिला तो दगड. डाव्या बाजूला एकावर एक तीन उघडे मजले: खाली पाण्याच्या पायऱ्यांवर उघडणारी ओसरी, वर दोन सज्जे. त्यांच्या कमानी पिंपळपानासारख्या वर निमुळत्या होत जातात. मधल्या सज्ज्याच्या कमानींवर चार पाकळ्यांच्या जाळीची रांग आहे, डोजच्या राजवाड्यावर आहे तशीच. उजव्या बाजूला मात्र जवळजवळ सपाट भिंत, संगमरवरी फरश्यांनी मढवलेली, त्यात मोजक्या खिडक्या. समोरून पाहिलं तर अर्धी जाळी आणि अर्धी भिंत. हा तोल कुठल्याही नियमात बसत नाही, तरी मला तो कधी चुकलेला वाटला नाही.

आता तुमच्या 'तुकड्यांतून उभा केलेला' या शब्दांकडे येतो. कोन्तारिनीनेही तेच केलं होतं. झेनोंचं जुनं घर पाडताना निघालेले बायझंटाईन, म्हणजे पूर्व रोमन साम्राज्याच्या, धाटणीचे कोरीव पट्टे त्याने फेकले नाहीत, खालच्या मजल्याच्या कामात बसवले. म्हणजे हा वाडा नवा होता तेव्हाच त्यात त्याच्याहून दोन-तीन शतकं जुने दगड होते. त्यासाठी आपण त्याला खोटा म्हणत नाही.

टाल्योनीचं. 1840 च्या दशकात रशियन राजपुत्र त्रुबेत्स्कोयने हा वाडा तिच्यासाठी घेतला. दुरुस्तीचं काम जोव्हान बात्तिस्ता मेदुना या वास्तुकाराकडे गेलं. आगीत जळालेलं व्हेनिसचं फेनिचे नाट्यगृह भावासोबत पुन्हा उभारणारा तोच. त्याच्या दुरुस्तीत चौकातला उघडा दगडी जिना मोडला, आणि चौकातल्या विहिरीचा कठडा विकला गेला. 'टाल्योनीने वाडा उद्ध्वस्त केला' असं मी लिहिलं, ते एकतर्फी होतं हे कबूल. आराखडा तिचा नव्हता, आणि त्या काळात 'दुरुस्ती' म्हणजे जुनं काढून नीटनेटकं नवं बसवणं, असंच बहुतेक वास्तुकार मानत होते. पण घराची मालकीण तीच. घराच्या पोटातून जिना निघून गेला याचा जबाब मालकाकडे मागायचा नाही तर कोणाकडे मागायचा? इतपत मी ठाम आहे.

तो कठडा काय होता ते लेखात राहून गेलं, म्हणून इथे सांगतो. व्हेनिसभोवती पाणीच पाणी, पण सगळं खारं. म्हणून तिथल्या चौकातली विहीर आपल्या विहिरीसारखी झऱ्याची नसते. चौक खणून खड्ड्याला चिकणमातीचा लेप द्यायचा, त्यात वाळू भरायची, मधोमध विटांची नळी उभी करायची. पावसाचं पाणी चौकाच्या उतारावरून वाळूत उतरतं, गाळलं जातं आणि नळीत साठतं. वर जो दगडी कठडा, तो साऱ्या घराच्या जीवनाचा काठ. बार्तोलोमेओ बोनने तो 1427 मध्ये तांबड्या व्हेरोना दगडाच्या एका ठोकळ्यातून कोरला. त्यावर धैर्य, न्याय आणि दया या तीन गुणांच्या बसलेल्या स्त्रीमूर्ती आहेत. रोज दोर घासून पाणी काढायच्या जागी असं काम! ते विकलं गेलं.

1894 मध्ये बॅरन जॉर्जो फ्रान्केत्तीने वाडा घेतला. तुम्ही त्याला 'हौशी धनिक' म्हणता. धनिक होताच, आई रॉथशिल्ड घराण्यातली, भाऊ आल्बेर्तो ऑपेरांचा संगीतकार. पण त्याने काय केलं ते पाहा. तो विहिरीचा कठडा त्याने शोधून काढला, परत विकत घेतला आणि त्याच चौकात आणून बसवला. मोडलेला जिना पुन्हा जोडून उभा केला. मेदुनाने घातलेली भर काढली. आणि तळमजल्याची ती फरशी, जिच्यावरून हा वाद आहे, ती त्याने स्वतः आखली आणि गुडघ्यांवर बसून स्वतःच्या हातांनी तिचे दगड बसवले. जांभळा पोर्फिरी, हिरवा सर्पेंटाईन, पांढरा संगमरवर. नमुना समोर होता तो सान मार्कोच्या आणि मुरानो बेटावरच्या चर्चमधल्या बाराव्या शतकातल्या फरश्यांचा.

आता तुम्हीच सांगा, ही फरशी कोणाला फसवते? तिचा कर्ता माहीत आहे, काळ माहीत आहे. फसलो मी, कारण मी वाचलं नाही. लबाडी ती, जी आपली तारीख लपवते. इथे तर फरशी घालणारा माणूस त्याच दालनात आहे: 1922 मध्ये तो गेला, आणि त्याच्या अस्थी तिथल्याच एका पोर्फिरीच्या खांबाखाली ठेवल्या आहेत. मी तिथे उभा होतो तेव्हा बाहेर वाफोरेत्तो, म्हणजे तिथली प्रवासी बोट, धक्क्याला लागत होती, तिच्या लाटा पायऱ्यांवर आपटत होत्या. फरशी इतकी पाण्यालगत आहे की शहरात मोठी भरती चढली की समुद्र थेट तिच्यावर यायचा. नोव्हेंबर 2019 मध्ये शहरातल्या भरतीच्या मापावर पाणी 187 सेंटिमीटरपर्यंत चढलं होतं.

वरच्या मजल्यांबद्दल मात्र तुमचा मुद्दा मी आणखी पुढे नेईन. कोन्तारिनी राहत होता ते घर तिथे शोधाल तर मिळणार नाही. एक कोरीव लाकडी जिना दुसऱ्याच घरातून आणलेला आहे. तिथे आहे ते चित्रदालन. फ्रान्केत्तीने 1916 मध्ये वाडा आणि आपला संग्रह इटालियन सरकारला देण्याचं ठरवलं आणि 1927 मध्ये, तो गेल्यावर, दालन लोकांसाठी उघडलं. चित्रकार मान्तेन्याच्या 'संत सेबास्तियन' या चित्रासाठी त्याने पहिल्या मजल्यावर संगमरवराने मढवलेला एक छोटा गाभाराच केला. अंगात बाण रुतलेला तो संत चौकटीबाहेर पाऊल टाकायच्या बेतात आहे, आणि खाली कोपऱ्यात विझत्या मेणबत्तीभोवती लॅटिन अक्षरं: दैवी तेवढंच टिकतं, बाकी धूर. 1506 मध्ये मान्तेन्या वारला तेव्हा हे चित्र त्याच्या कार्यशाळेतच होतं. चित्रकार टिशियनने 1508 च्या सुमारास जर्मन व्यापाऱ्यांच्या वखारीच्या बाहेरच्या भिंतीवर काढलेल्या चित्रांचे उरलेले तुकडेही याच वाड्यात पाहायला मिळतात. खाऱ्या हवेने इतके खाल्लेले की आकृतीची नुसती सावली राहिली आहे. ते इथे आणले नसते तर तीही राहिली नसती.

राहता राहिला तुमचा शेवटचा प्रश्न, परक्या वाड्याचा. 1845 मध्ये इंग्लिश कलासमीक्षक जॉन रस्किन या वाड्यासमोर बसून त्याचं चित्र काढत होता आणि समोर कामगारांचे हातोडे चालू होते. त्या व्हेनिसबद्दल त्याने पुढे जे लिहिलं, त्याने इंग्लंडमध्ये व्हेनेशियन गॉथिकचं वेड पसरलं. ते वेड जहाजात बसून मुंबईला आलं. ओव्हल मैदानासमोरचं जुनं सचिवालय, जिथे आज शहर दिवाणी आणि सत्र न्यायालय आहे, ते 1874 मध्ये याच शैलीत पुरं झालं. हेन्री सेंट क्लेअर विल्किन्स याचं ते काम. 2018 मध्ये युनेस्कोने मुंबईच्या ज्या इमारतींना जागतिक वारसा म्हटलं, त्यांत तीही आहे. तिथल्या कमानींखालून तारखांना जाणाऱ्या माणसाला का दोरो पूर्णपणे परका नाही.

पण तुमचा राग त्यावर नाही, हे मला कळतं. घरातला वाडा गेल्याचं दुःख दूरच्या कमानी दाखवून शमत नाही. म्हणून एक विचारतो. फ्रान्केत्तीला कठडा परत आणता आला, कारण तो अजून अखंड होता आणि कुठे आहे ते कळू शकलं. तुमचे खांब कोणी नेले, किती होते, त्यांवर कोणतं कोरीवकाम होतं, हे घरातल्या एखाद्या आजीला किंवा काकांना अजून आठवत असेल. पाडण्याआधीचा एखादा लग्नाचा फोटो असेल, ज्यात वरातीच्या मागे ओसरी दिसते. या आठवड्यात त्यांच्याजवळ बसून ते लिहून घ्या. मला पाठवलंत तर तुमच्या नावानिशी इथे पुढचा लेख त्याच वाड्यावर लावीन, आणि या वेळी तारखा तपासून.