झूम केल्याशिवाय खडक दिसत नाही

‘दुसरा टॅबलेट जवळ असला की कागदी नकाशा लागत नाही’ हे बोटीवर टॅबलेटवरचा नकाशा वापरण्याबद्दलच्या लेखातलं वाक्य अजिबात पटलं नाही. बॅटरी संपणं ही त्यातली किरकोळ भीती. खरी भीती झूमची. २०१४ च्या व्होल्वो ओशन रेस या शिडाच्या बोटींच्या जगप्रदक्षिणा शर्यतीत टीम वेस्टासची बोट मॉरिशसच्या ईशान्येला कार्गादोस काराजोसच्या प्रवाळखडकांवर आदळली, तेव्हा यंत्रं चालूच होती. नकाशा पुरेसा मोठा करून कोणी पाहिला नव्हता. आणि ते तर मुरलेले खलाशी!

मीही मांडव्याला जाताना जीपीएस लावतोच, अंधारात त्याला तोड नाही. पण आदल्या संध्याकाळी कागदी नकाशा टेबलावर पसरून पेन्सिलीने मार्ग आखतो. उथळ जागांसकट सगळा पट्टा एका नजरेत येतो, झूम विसरायची भानगडच नाही.