"फुकटचा पगार" म्हणणाऱ्या कारवाल्यास

आज बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतून कामावरून सुटलो आणि एका कामासाठी हलग्याकडे गेलो. विधिमंडळाचं अधिवेशन म्हटल्यावर सुवर्णसौधच्या, म्हणजे कर्नाटकच्या इथल्या विधानभवनाच्या, रस्त्याला पोलीस, बॅरिकेड, गाड्यांची रांग, हे दरवर्षीचंच. पुढे मंडपात शिक्षक आंदोलनाला बसलेले. शेजारच्या कारवाल्यानं काच खाली केली आणि म्हणाला, "ह्यांना फुकटचा पगार पण पुरेना झालाय." तिथं काही बोललो नाही. घरी आल्यापासून मात्र डोकं तापलंय.

फुकटचा? आमच्या गावच्या मराठी शाळेत येऊन बघ म्हणावं एकदा. पहिली ते तिसरीचा नलीकलीचा (कार्डांवरून, खेळत शिकवायची पद्धत) वर्ग एका खोलीत, चौथी-पाचवी शेजारच्या खोलीत, आणि दोन्हीकडे मिळून एकच बाई. त्या मधल्या दारात, उंबऱ्यालगत खुर्ची टाकून बसतात. एका बाजूला पाढे, दुसऱ्या बाजूला भागाकार. त्याही अतिथी शिक्षिका, म्हणजे मानधनावरच्या तात्पुरत्या. कायम गुरुजी रिटायर झाले ती जागा तशीच रिकामी आहे. राहिले एचएम, म्हणजे मुख्याध्यापक. त्यांचं निम्मं आयुष्य मीटिंग, ट्रेनिंग आणि ऑनलाइन माहिती भरण्यात चाललंय. आता मुलांना आठवड्याचे सहा दिवस अंडी मिळतात, चांगलीच गोष्ट आहे, पण ती आणायची, मोजायची, हिशोब लिहायचा कोणी? त्यांनीच.

आणि मुलांच्या नुकसानीचा एवढा कळवळा असेल तर 2025 च्या दसऱ्यात कुठं होता? जातगणतीला शिक्षक दारोदार फिरवले, काम आटपेना म्हणून 18 ऑक्टोबरपर्यंत शाळा बंद ठेवल्या. तेव्हा कुणाचं पोट दुखलं नाही. 2024 च्या ऑगस्टमध्ये शिक्षक बेंगळुरात फ्रीडम पार्कला आंदोलनाला जाऊन बसले, तर लगेच "मुलांचं काय?"

कामचुकार गुरुजी नाहीत का? आहेत. एकजण तर शाळेपेक्षा प्लॉटच्या धंद्यात जास्त दिसतो. बरं, पुढं.

राग नोकरांच्या, शिक्षकांच्या संघटनांवरही आहे, लपवत नाही. 1 मार्च 2023 ला सरकारी नोकरांनी बेमुदत संप पुकारला आणि त्याच दिवशी 17 टक्के अंतरिम वाढ घेऊन मागे घेतला. म्हणजे ताकद आहे की! जुन्या पेन्शनसाठी भांडा, जरूर भांडा, 2006 नंतर लागलेल्यांवर अन्याय झालाच आहे. पण सीमाभागातल्या मराठी शाळांच्या रिकाम्या जागांसाठी एक दिवस तरी खडू खाली ठेवलात का? उंबऱ्यावरच्या आमच्या बाईंना पेन्शनही नाही आणि संपही नाही. त्या एक दिवस मंडपात बसल्या तर दुसऱ्या दिवशी त्यांच्या जागी दुसरं कोणीतरी येईल. 2025 च्या बजेटात मानधन 2 हजारांनी वाढवलं म्हणे. वाढलेलं राहू दे, आधीचंच वेळेवर येत नाही. विचारलं तर एकच उत्तर, ग्रँट यायची आहे.

पैसे नाहीत हे तर मला सांगूच नका. 2004 ला शिक्षणासाठी म्हणून आयकरावर 2 टक्के सेस, म्हणजे उपकर, बसवला, 2007 ला 3 केला, 2018 पासून आरोग्य जोडून 4. सेस असल्यामुळं दिल्ली तो राज्यांना वाटून देत नाही. बेंगळूर म्हणतं, आमचा वाटा दिल्लीनं खाल्ला. खरंही असेल. पण ह्या दोघांच्या भांडणात आमच्या शाळेच्या कौलातून पाणी गळतंय त्याचं काय?

गेल्या महिन्यात पोरीला आणायला गेलो होतो. शाळा सुटलेली, बाई एकट्याच बसलेल्या. नलीकलीची कार्डं हाताळून हाताळून फाटलेली, त्यांना सेलोटेप लावून पुसट अक्षरं मार्करनं गिरवत होत्या. मार्कर स्वतःच्या पैशातला. मी म्हटलं, बाई, पगार झाला का? म्हणाल्या, "होईल हो. तुमची लेक 'ळ' उलटा काढते, घरी जरा बघा." त्यांच्यापुढं मी काय बोलणार?

गावातली निम्मी पोरं इंग्लिश मीडियमच्या व्हॅननं जातात. त्या आईबापांना मी नावं ठेवत नाही. शिकवायलाच माणूस नाही म्हटल्यावर कोण थांबणार?

असो. सोमवारी एसडीएमसीची, म्हणजे शाळेच्या पालक समितीची, मीटिंग आहे. रिकामी जागा भरा आणि बाईंचं थकलेलं मानधन द्या, असं निवेदन बीईओ (गटशिक्षणाधिकारी) ऑफिसात द्यायचंय. मराठीतून लिहून ठेवलंय. कन्नडमधून चांगलं लिहून देणारं कोणी असेल तर आज रात्रीच मला फोन करा.