कुटात काय काय खपतं!

‘एक्स्पोर्ट क्वालिटी’ची चिठ्ठी खोचलेलं शेंगदाण्याचं पोतं दिसलं की डोकंच फिरतं माझं. एक्स्पोर्टचा माल ना, मग रिपोर्ट दाखवा की! आपला दाणा युरोपात जायचा तर खेपेसोबत अफ्लाटॉक्सिनचा, म्हणजे बुरशीच्या विषाचा, लॅब रिपोर्ट आणि सरकारी प्रमाणपत्र लागतं, वर तिकडच्या बंदरात ते पुन्हा नमुने काढायला मोकळे. थेट खायच्या दाण्यात किलोमागे 4 मायक्रोग्रॅमच्या वर निघालं की माल अडला. आपल्याकडे हीच मर्यादा 10. बरं बाबा, 10 तर 10, आकड्यावरून भांडत नाही मी. पण ते 10 तरी मोजतंय कोण?

किराणावाला म्हणतो, “ताई, भाजून घ्या, काही होत नाही.” होत नाही काय? यकृताचा कॅन्सर करणारं बुरशीचं विष आहे ते! भाजल्यावर बुरशी मरते, विष पुरतं जात नाही. चवीलाही कळत नाही.

आणि ते तयार कूट! सुरकुतलेले, काळपट, फुटके दाणे वेचून काढले की बरंचसं विष त्यांच्याबरोबर जातं. निर्यातवाले माल असाच निवडतात. मग वेचलेलं जातं कुठे? अख्खा दाणा निदान डोळ्यांनी बघून घेता येतो, कुटात काय बघणार, कपाळ? आणि उपवासाच्या खिचडीत वाटी वाटी ओततो आपण ते.

शेतकऱ्याच्या नावाने खडे फोडू नका. शेंगा भरताना पावसाने ताण दिला की बुरशी शेतातच लागते, त्याला तो काय करणार? पण शेंगा फोडायच्या आधी त्यांच्यावर पाणी मारतात ना, दाणा तुटू नये म्हणून (आणि वजन भरतं ते वेगळंच!), तो कुठला पाऊस? तसल्या ओल्या दाण्यांची पोती थप्पीला लागली की बुरशीची चंगळच.

राहिली पेंड, ती गाई-म्हशींना. म्हणजे विष फिरून आपल्याच दुधात. एफएसएसएआयच्या (देशाची अन्नसुरक्षा संस्था) 2018 च्या दूध पाहणीत 6,432 पैकी 368 नमुने या विषाच्या मर्यादेबाहेर निघाले होते, आणि दुधातली आपली मर्यादा युरोपच्या दहापट ढिली आहे, तरी! पिशवीवर फॅट छापता, एसएनएफ (फॅट सोडून दुधातला बाकीचा घन भाग) छापता. मग हेही छापा की, शाई संपली का?