तणाचे वकील

इंदूरला पाऊस एकदाचा टिकला, की माळव्याच्या काळ्या मातीला काय करू आणि काय नको असं होतं. राजेंद्र नगरच्या आमच्या घरामागे जो तुकडा आहे त्यात मी लावतो भेंडी, दोडकी, टोमॅटो आणि थोडा मोगरा. उगवतात लव्हाळा, हरळी, घोळ, केना, आंबुशी, माका, भुईआवळी, आघाडा आणि कुंपणाच्या कडेनं गाजरगवत. भेंडी शोधून काढावी लागते.

तणनाशक मारायचं नाही, हे घरात ठरलेलं आहे. ठरवलं मुलीनं. ती बंगळुरूला असते. सेंद्रिय पद्धतीचा निर्णय नेहमी अशाच माणसानं घ्यावा ज्याला वाकायचं नसतं. मी कुरकुर केली तर तिनं फोनवर इतिहासच काढला. म्हणे, "बाबा, ते इंग्रज शेतीशास्त्रज्ञ अल्बर्ट हॉवर्ड 1924 ते 1931 इंदूरलाच होते. आज जिथे कृषी महाविद्यालय आहे ना, तिथे त्यांनी कंपोस्टची 'इंदूर पद्धत' बसवली. जगभर तिला त्याच नावानं ओळखतात. आणि तुम्ही पंप पाठीला लावून विष फवारणार?" आता हॉवर्डसाहेबांच्या हाताखाली संस्था होती, बैलजोड्या होत्या, मजूर होते. उपटलेलं तणसुद्धा ते ढिगात घालत आणि ढीग वेळच्या वेळी परतत. ढीग आतून चांगला तापला, साठ अंशांच्या आसपास गेला, की तणाचं बी मरतं. आमची प्लास्टिकची कंपोस्टपेटी जानेवारीतल्या आंघोळीच्या पाण्याइतकीही तापत नाही. तिच्यात घातलेलं बी सुखानं हिवाळा काढतं आणि खताबरोबर माहेरी परत येतं.

मग सुरू झाले घरगुती उपाय. स्वयंपाकघरातलं व्हिनेगर फवारलं. लव्हाळ्याची पाती दुपारपर्यंत करपली आणि मी विजयी मुद्रेनं चहा घेतला. पण व्हिनेगर जाळतं ते वरचं पान. खाली गाठी सुखरूप असतात, त्यांनी आठवड्याभरात नवी पाती पाठवली. मीठ टाका, असंही एकानं सुचवलं. मिठानं तण मरतं, पण मग त्या जागी भेंडीही होत नाही, मोगराही नाही. रद्दी अंथरून बघितली. घोळ, केना वगैरे मंडळी अंधारात गपगार झाली. लव्हाळ्यानं मात्र संपादकीय पानाला भोक पाडून डोकं वर काढलं. तो प्लास्टिकसुद्धा भोसकतो. शाळेत लव्हाळ्याच्या नम्रतेवर निबंध लिहिला होता, तो कोणाला सापडला तर फाडून टाकावा.

त्यातल्या त्यात खरा उपयोग झाला सोयाबीनच्या भुशाचा. आपल्याकडे त्याला तोटा नाही. वाफ्यात चार बोटं जाड थर दिला की बारीक बियांच्या तणाला ऊन मिळत नाही. बाकी मग खुरपं. काळ्या मातीत खुरपायलाही मुहूर्त लागतो. ओली असली तर खुरप्याला लोंबते, वाळली तर दगड. वापसा आला की मिळतो तो एखादा दिवस, आणि त्याच दिवशी कोणाच्या तरी मुंजीला उज्जैनला जायचं असतं.

लव्हाळा उपटायचा नसतो, उकरायचा असतो. पाती धरून ओढली की पांढरं टोक 'टक्' करून तुटतं, आणि गाठ खाली बसून राहते. बोट घालून मागे जावं, तर दोऱ्यासारख्या मुळावर काळपट, केसाळ गाठ लागते. तिच्यापुढे दुसरी, दुसरीपुढे तिसरी. नखानं खरवडली तर दिवाळीच्या पहाटेचा वास येतो.

त्या वासानंच घात केला. आई ओट्यावरून म्हणाली, "अरे, तो नागरमोथा आहे. टाकू नकोस, उटण्याला होईल." मी गाठी बाजूला ठेवल्या आणि हरळीकडे वळलो.

"हरळीला हात लावू नकोस. गणपतीत एकवीस दुर्वांची जुडी दहा-दहा रुपयांना घेतो आपण."

आघाड्याकडे वळलो. "पत्रीला लागतो."

घोळ उपटायला गेलो तर सौ. ताट घेऊनच बाहेर आली. "अहो, कोवळी कोवळी खुडून द्या. मुगाची डाळ घालून करते." माक्यासाठी शेजारच्या काकू कुंपणापलीकडून, "तेलात उकळायला हवाच होता!" भुईआवळीसाठी त्यांचे यजमान, यकृतासाठी. म्हणजे बागेत जे जे म्हणून मी लावलं नाही, त्या प्रत्येकाला वकील मिळाला होता. दोडक्याची बाजू घ्यायला कोणी नव्हतं.

आमच्या माळ्यानं हे सगळं विडी विझवून ऐकलं आणि म्हणाला, "भिया, आप तो दवाई मार दो. और मोथा तो दवाई से भी पूरा नी मरता." हा सल्ला मला अजूनही समजलेला नाही.

वकील मिळाला नाही तो एकट्या गाजरगवताला. त्याच्याबद्दल घरात एकमत आहे, म्हणून ते कोणी काढत नाही. अंगाला खाज सुटते, परागांनी दमा उठतो, आणि फुलं येण्याआधी उपटलं नाही तर एकेक झाड हजारोंनी बी टाकतं. त्याची पानं खाणारा एक भुंगा 1980 च्या दशकात मेक्सिकोहून भारतात आणला, आणि आपल्या जबलपूरला तणांवर संशोधन करणारी केंद्र सरकारची संस्थाच आहे. भुंगा पावसाळाभर काम करतो आणि थंडीत जमिनीत जाऊन झोपतो. मला ही सोय नाही. शेवटी पूर्ण बाह्यांचा शर्ट, हातमोजे आणि मास्क चढवून मीच कुंपणाशी गेलो, तर काकूंनी विचारलं, "परत आला का हो करोना?"

पोतं भरलं. दुसऱ्या दिवशी सकाळी कचऱ्याची गाडी आली. पोरानं पोत्यात वाकून पाहिलं.

"अंकल, गीला या सूखा?"

हा प्रश्न सोपा नाही. उपटलं तेव्हा ओलं होतं, रात्रीत अर्धं वाळलं होतं, आणि मुळांना शेरभर माती होती. मी म्हटलं, "आधा-आधा." इंदूरमध्ये हे उत्तर चालत नाही. त्यानं पोतं तिथेच ओतून माती झटकायला लावली. झटकताना खालून आघाड्याची दोन लांब झाडं निघाली, जी मी आई उठायच्या आत गुपचूप उपटली होती.

पोरगं हरखलं. "अरे, ये तो आंधीझाड़ा है! दादी दातून करती है इसका." दोन्ही झाडं त्यानं ड्रायव्हरशेजारच्या सीटवर ठेवली, आणि जाता जाता विचारलं, "अगले हफ्ते भी निकलेगा ना?"