नोव्हेंबरातला जन्म आणि माळ्यावर गेलेली स्टिक

चवथीच्या दुसऱ्या दिवशी डिचोलीला ताईकडे गेलो, तर भाच्याची हॉकी स्टिक माळ्यावर. जुन्या लुगड्याच्या फडक्यात गुंडाळलेली, वरून सुतळी बांधलेली. विचारलं तर ताई म्हणाली, "अरे, नोव्हेंबरचा जन्म त्याचा. त्या मेसेजमध्ये लिहिलंय ना, अशी मुलं पुढे जात नाहीत म्हणून. उगाच कदंबाच्या बसनं म्हापशाच्या फेऱ्या कशाला?" भाचा तिथंच उंबऱ्यावर बसला होता. चौदा वर्षांचा मुलगा. एक शब्द बोलला नाही.

तो मेसेज तोपर्यंत माझ्याकडेही तीन गटांतून येऊन गेला होता, मी न वाचताच पुढे सरकलो होतो. ती चूक झाली. 'तुमचं मूल व्यावसायिक हॉकीपटू होणार का? चौदाव्या वर्षीच ओळखा' असं त्याचं शीर्षक, आणि खाली पाच मुद्दे. जानेवारी ते मार्चमध्ये जन्मलेली मुलंच मोठी होतात, कॅनडातल्या संशोधनानं हे सिद्ध झालंय. ज्युनिअरला जो सर्वांत जास्त गोल करतो तोच पुढे चमकतो. चौदाव्या वर्षी साडेपाच फूट उंची नसेल तर नाद सोडा. तोवर राज्याच्या संघात नाव आलं नाही तर खेळ संपला. आणि शेवटचा मुद्दा: लीगमध्ये आता ज्युनिअरनाही लाखो रुपये मिळतात, तेव्हा ज्यांच्यात ही लक्षणं आहेत त्यांना शाळेतून काढून अकादमीत घाला.

जन्ममहिन्यापासूनच सुरुवात करतो, कारण माझ्या भाच्याची स्टिक त्यानंच माळ्यावर टाकली.

कॅनडात असं संशोधन झालंय, हे खरं आहे. रॉजर बार्न्सली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८५ मध्ये दाखवून दिलं की तिथल्या ज्युनिअर आइस हॉकी संघांत वर्षाच्या पहिल्या महिन्यांत जन्मलेली मुलं फार जास्त असतात. खेळ बर्फावरचा, आपला नव्हे, पण ते बाजूला ठेवू. मेसेज लिहिणाऱ्यानं एवढंच उचललं आणि कारण गिळून टाकलं. तिथं वयोगट १ जानेवारीला ठरतो. म्हणजे २ जानेवारीचा मुलगा आणि ३० डिसेंबरचा मुलगा एकाच गटात. दोघांत जवळजवळ वर्षाचं अंतर. दहा वर्षांच्या पोरांत एक वर्ष म्हणजे केवढं, ते कुठल्याही शाळेच्या मैदानावर उभं राहून बघा. मोठा दिसणारा निवडला जातो, त्याला चांगला प्रशिक्षक मिळतो, जास्त सामने मिळतात, आणि मग तो खरोखरच पुढे जातो. यात रक्ताचा, राशीचा, ताऱ्यांचा काही संबंध नाही. निवडणाऱ्यांनी वयालाच गुण समजून केलेली ही चूक आहे.

पुढची गोष्ट तर मेसेजच्या अगदी उलट आहे. अमेरिकेतल्या मिशिगनमधले रॉबर्ट डीनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. १९८० पासून पुढच्या पंचवीसेक वर्षांत एनएचएल या आइस हॉकीच्या सर्वांत मोठ्या व्यावसायिक लीगनं आपल्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघांनी पाळीपाळीनं नवे खेळाडू निवडण्याच्या पद्धतीत, जे कॅनेडियन घेतले, त्यांचं पुढे काय झालं ते त्यांनी मोजलं. निवडलेल्यांत जानेवारी ते मार्चचे ३६ टक्के होते. पण प्रत्यक्ष खेळल्या गेलेल्या सामन्यांत त्यांचा वाटा २८ टक्के आणि गुणांत (स्वतः केलेला गोल किंवा गोलासाठी दिलेला पास, प्रत्येकी एक गुण) २५ टक्के. जुलै ते डिसेंबरचे निवडीत ३४ टक्केच होते, पण सामन्यांत ४२ टक्के आणि गुणांत ४४ टक्के. म्हणजे उशिरा जन्मलेल्यांना निवडताना मागे ढकललं आणि मैदानात तेच जास्त उपयोगी ठरले. ताई, हे दोनदा वाच. ज्या कॅनडाचं नाव घेऊन तुझ्या मुलाला घरी बसवलं, त्याच कॅनडाच्या खेळाडूंचे हे आकडे आहेत.

नावंही घ्या. कॅनडाचा आइस हॉकीपटू अलेक्झांडर डेग, जन्म फेब्रुवारी १९७५. ज्युनिअरच्या शेवटच्या मोसमात ५३ सामन्यांत १३७ गुण, आणि १९९३ च्या ड्राफ्टमध्ये पहिला क्रमांक. पुढे व्यावसायिक लीगच्या कुठल्याही मोसमात त्याला ५१ च्या वर गुण मिळवता आले नाहीत. दुसरीकडे स्वीडनचा हेन्रिक झेटरबर्ग, जन्म ऑक्टोबर १९८०. १९९९ मध्ये २१० व्या क्रमांकावर कुणीतरी त्याला घेतलं. २००८ मध्ये त्याच्या संघानं स्टॅन्ली कप, म्हणजे एनएचएलचं विजेतेपद, जिंकला, तेव्हा प्लेऑफचा, म्हणजे शेवटच्या बाद फेऱ्यांचा, सर्वोत्तम खेळाडू तोच होता. एकेका नावानं काही सिद्ध होत नाही, हे मलाही कळतं, म्हणूनच आधी आकडे दिले. आपला हॉकीपटू हरमनप्रीत सिंग ६ जानेवारीचा आहे, तेही लपवत नाही. पण टोकियो ऑलिम्पिकमध्ये कांस्यपदक जिंकलेल्या त्याच भारतीय संघात हार्दिक सिंग सप्टेंबरचा, दिलप्रीत नोव्हेंबरचा, ललित उपाध्याय १ डिसेंबरचा आणि सिमरनजीत २७ डिसेंबरचा होता. शिवाय आपल्या देशात जन्मतारखेवर एवढं मोठं भविष्य रचायचं म्हणजे कमालच. शाळेत नाव घालताना मास्तरांनी १ जून लिहिलेली माणसं महाराष्ट्रात घरोघरी सापडतील. त्यांचा खरा महिना कोण शोधणार?

आता गोलांचा मुद्दा. ज्युनिअरचे गोल फसवे असतात. एका बाजूला टर्फवर, म्हणजे कृत्रिम गवताच्या मैदानावर, रोज सराव करणारा संघ, दुसऱ्या बाजूला मातीच्या मैदानावरून थेट आलेली मुलं, अशा सामन्यात एखाद्यानं सहा गोल केले तर तो आकडा कशाचा? तो पेनल्टी कॉर्नरवर जोरात ड्रॅग-फ्लिक मारणारा, म्हणजे चेंडू स्टिकनं ओढत गोलात भिरकावणारा, उंच मुलगा असेल तर आणखी सोपं, कारण समोरच्या गोलकीपरला तेवढ्या वेगाची सवयच नसते. आइस हॉकीवाल्यांनी याचा सरळ हिशेब मांडलाय. मुलगा वरच्या लीगमध्ये किती गुण मिळवेल याचा अंदाज काढायला कॅनडातल्या ज्युनिअर लीगमधल्या गुणांना ते साधारण तीन दशांशानं (०.३) गुणतात, शिवाय मुलगा त्या गटात वयानं थोरला की धाकटा हेही बघतात. सतरा वर्षांच्याचे आणि वीस वर्षांच्याचे तेवढेच गुण सारखे धरत नाहीत. आपल्याकडे कागदावर फक्त गोल उतरतात.

मला विचाराल तर गोल शेवटी बघा. मी स्वतः कॉलेजपर्यंत खेळलो, नंतर पंचगिरी केली, म्हणून सांगतो. म्हापशातल्या पेड्याच्या मैदानातल्या टर्फवर एका सकाळी भाचा राइट हाफला, म्हणजे मधल्या फळीत उजवीकडे, खेळत होता. टर्फ ओलं, चेंडू सुळकन निसटत होता. समोरचा मुलगा त्याच्यापेक्षा वीतभर उंच. फुलबॅककडून पास निघाला, आणि चेंडू पोचायच्या आत या पोरानं दोनदा मान वळवून मागे बघितलं. ट्रॅप केला, म्हणजे चेंडू स्टिकवर अडवला, तो पुढे तोंड करूनच, आणि एका ढकलीत चेंडू मोकळ्या इनसाइडकडे, म्हणजे पुढच्या फळीतल्या आतल्या खेळाडूकडे. तो मोठा मुलगा येऊन पोचला तेव्हा तिथं चेंडूच नव्हता. गोल झाला नाही, टाळी वाजली नाही, कुणाच्या वहीत काही उतरलं नाही. पण वरच्या पातळीवर विचार करायला जेव्हा अर्धा सेकंदच मिळतो, तेव्हा हीच सवय कामी येते. चेंडू गेल्यावर मुलगा परत धावतो का, चुकलेला ट्रॅप पुढच्या महिन्यात सुधारलेला दिसतो का, हेही बघा. त्यासाठी वर्षभर मैदानावर उभं राहावं लागतं. मेसेज वाचून ते दिसत नाही.

उंचीवर फार लिहीत नाही. मुलांची उंची झपाट्यानं वाढायचं वय प्रत्येकाचं वेगळं असतं, दोन-दोन वर्षांचा फरक पडतो. मार्टिन सेंट लुई पाच फूट आठ इंचांचा, ड्राफ्टमध्ये त्याला कुणीच घेतलं नाही, आणि २००४ मध्ये तो एनएचएलचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. आपल्या हॉकीत तर कमरेत वाकूनच खेळायचं असतं.

चौदाव्या वर्षी निवड झाली नाही की संपलं, हेही तसंच. चौदाव्याचं सोडा, विसाव्या-एकविसाव्या वर्षीही नक्की काही सांगता येत नाही. डिसेंबर २०१६ मध्ये लखनौला आपण ज्युनिअर विश्वचषक जिंकला, अंतिम सामन्यात बेल्जियमला २-१ नं हरवून. त्या संघाचा कर्णधार हरजीत सिंग. उत्तम खेळाडू, पण ना टोकियोच्या संघात आला ना पॅरिसच्या. त्याच अंतिम सामन्यात एक गोल सिमरनजीतनं केला होता. टोकियोसाठी तो पहिल्या सोळांत नव्हता, राखीव होता. संघ अठरांचा करायची परवानगी मिळाली म्हणून आत आला, आणि जर्मनीविरुद्धच्या ५-४ च्या कांस्यपदकाच्या सामन्यात त्यानं दोन गोल केले. ऑलिम्पिकच्या तोंडावर, देशातल्या सगळ्यांत जाणत्या निवड समितीला जे कळलं नाही, ते आमच्या गटातल्या मेसेजला चौदाव्या वर्षी कळतं म्हणे.

राहिला पैशाचा मुद्दा. यात अर्धं खरं आहे, मान्य करावं लागेल. हॉकी इंडिया लीग २०१७ नंतर बंद पडली होती, ती डिसेंबर २०२४ मध्ये परत सुरू झाली. लिलावात हरमनप्रीतला ७८ लाख मिळाले, आणि सर्वांत खालची मूळ किंमत २ लाखांची होती. पुरुषांच्या प्रत्येक संघात चार ज्युनिअर घेणं सक्तीचं होतं. आठ संघ धरले तर अख्ख्या देशातून बत्तीस मुलं. पंजाब, ओडिशा, हरियाणा, झारखंड, सगळे मिळून बत्तीस. त्यांतलाही कुणी किती मिनिटं मैदानात उतरेल ते वेगळंच. या बत्तीस जागांसाठी शाळा सोडायला सांगणारा माणूस मुलाचं नुकसान करतोय, आणि हे मी अगदी स्पष्ट लिहितो. हॉकीपटूचं घर आजही बहुतेक नोकरीवर चालतं, रेल्वे, पोलीस, तेल कंपन्या. खेळाडूंच्या कोट्यातून अर्ज केला तरी शिक्षणाची अट असतेच. दहावी नापास मुलगा गुडघा दुखावून घरी आला तर त्या अकादमीचा फोनही लागणार नाही.

ताईला हे सगळं रात्री जेवणं झाल्यावर वाचून दाखवलं. आकड्यांवर तिनं तीन-चार प्रश्न विचारले, चांगले विचारले. भाच्याचा अभ्यास कोण बघणार, हा तिचा प्रश्न रास्तच आहे. आठवड्यातून दोन संध्याकाळी गणिताला मी बसेन असं ठरलंय. स्टिक भाच्यानं स्वतःच खाली काढली. ग्रिप पार झिजलीय, ती शनिवारी म्हापशाच्या बाजारातून आणतो.