कानाचं मशीन म्हणजे व्यसन नव्हे

‘मोबाइल सोडा, मेंदू वाचवा’ हा मेसेज एव्हाना तुमच्याही एखाद्या ग्रुपवर येऊन गेला असेल. वर लाल उद्गारचिन्हं, खाली एका ‘जगप्रसिद्ध न्यूरोसर्जन’चा हवाला (नाव नाही, रुग्णालय नाही, देशही नाही) आणि मग सहा मुद्दे. माणसाचं लक्ष आता गोल्डफिशपेक्षाही कमी वेळ टिकतं. बॅटरी शेवटच्या कांडीवर आली की फोनमधून हजारपट रेडिएशन निघतं, म्हणून फोन डाव्या कानालाच लावा आणि कानाजवळ ब्लूटूथ आणूच नका. फोनमुळे ‘डिजिटल डिमेन्शिया’ (डिमेन्शिया म्हणजे स्मृतिभ्रंश) होतो. प्रत्येक नोटिफिकेशनमागे कोकेनइतकं डोपामाइन (मेंदूतलं एक रसायन) सुटतं. अॅपलच्या स्टीव्ह जॉब्सनं स्वतःच्या मुलांना आयपॅड दिला नव्हता. आणि शेवटी उपाय: २१ दिवस फोन पूर्ण बंद ठेवा, मेंदू पूर्ववत होईल.

असले मेसेज मी न वाचताच पुसते. हा वाचावा लागला, कारण माझ्या मावशीनं तो वाचून कानाची मशीनं काढली आणि डबीत ठेवून दिली. तिची मशीनं फोनला ब्लूटूथनं जोडलेली आहेत. तिला डिमेन्शियाची आधीपासूनच धास्ती, त्यात हा मेसेज पाठवणारा घरचाच शहाणा. समजवायला गेलं तर तिला नीट ऐकू येत नाही, आणि ओरडून काही समजावता येत नाही. मग लिहून काढणं आलं.

गोल्डफिशपासून सुरुवात करते, कारण हा मासा बरीच वर्षं पोहतो आहे. मायक्रोसॉफ्टच्या कॅनडातल्या शाखेनं २०१५ मध्ये जाहिरातदारांसाठी एक अहवाल काढला. त्यात होतं की २००० साली माणसाचं लक्ष १२ सेकंद टिकायचं, २०१३ मध्ये ते ८ सेकंदांवर आलं, आणि गोल्डफिशचं ९ सेकंद टिकतं. हे आकडे मायक्रोसॉफ्टनं स्वतः मोजलेले नव्हते, आकडेवारी गोळा करणाऱ्या एका वेबसाइटवरून उचलले होते. बीबीसीनं २०१७ मध्ये त्या वेबसाइटनं दिलेल्या संदर्भांचा माग काढला, तर त्यातल्या कुणाकडेच तसं संशोधन सापडलं नाही. गोल्डफिशबद्दल तर उलटच आहे: त्याची स्मरणशक्ती चांगली असते म्हणून शास्त्रज्ञ स्मृतीच्या प्रयोगांत तो वापरतात.

यात थोडं तथ्य आहे, ते मान्य करते. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या अर्व्हाइन इथल्या ग्लोरिया मार्क यांनी माणसं एका स्क्रीनवर किती वेळ थांबतात हे खरोखर मोजलं. २००४ मध्ये सरासरी अडीच मिनिटं होती, नंतरच्या मोजण्यांत ती ४७ सेकंदांच्या आसपास आली. पण ती मोजणी आपण किती वेळा एकीकडून दुसरीकडे उडी मारतो याची आहे, मेंदूला किती वेळ एकाग्र होता येतं याची नाही. मेसेज लिहिणारा हीच माहिती देऊ शकला असता. पण मासा नसेल तर फॉरवर्ड कोण करणार?

आता रेडिएशन. शेवटच्या कांडीवर हजारपट. इथे विज्ञान बाजूला ठेवलं आणि नुसता भागाकार केला तरी पुरे. फोर-जी फोनचा अँटेना जास्तीत जास्त ०.२ वॅटच्या आसपास शक्तीनं लहरी सोडतो. त्याच्या हजारपट म्हणजे २०० वॅट. ५,००० एमएएचच्या बॅटरीत एकूण १९ वॅट-तासांच्या आसपास ऊर्जा मावते. २०० वॅटनं ती उधळायला लागली तर पूर्ण भरलेली बॅटरी सहा मिनिटांच्या आत संपेल, आणि शेवटचे १० टक्के उरले असतील तर अर्ध्या मिनिटाच्या आसपास. ‘हॅलो, ऐकू येतंय का’ एवढ्यात फोन बंद, आणि हाताला चटका वेगळा. बॅटरी संपत आली की जो फोन स्वतःहून स्क्रीन मंद करतो, तो नेमकी याच वेळी हजारपट शक्ती कुठून आणणार, हा प्रश्न फॉरवर्ड करणाऱ्या एकालाही पडू नये?

इथेही एक सत्याचा तुकडा आहे. तो बॅटरीशी नाही, रेंजशी जोडलेला आहे. टॉवर लांब असेल किंवा सिग्नल कमजोर असेल तर फोन जास्त शक्तीनं लहरी सोडतो, पण तेही त्याच ०.२ वॅटच्या कमाल मर्यादेत. डाव्या कानाबद्दल मी काही लिहिणार नाही. मेंदू दोन्ही बाजूंना असतो.

‘पण जागतिक आरोग्य संघटनेनंच कॅन्सरचा इशारा दिलाय’ असंही मला लगेच ऐकवण्यात आलं. संघटनेच्या कर्करोगविषयक संस्थेनं २०११ मध्ये या लहरी ‘२बी’ गटात टाकल्या, हे खरं. त्या गटाचा अर्थ ‘शक्यता नाकारता येत नाही, पुरावा तोकडा’ एवढाच, आणि कोरफडीच्या अख्ख्या पानाचा अर्कही त्याच गटात आहे. पुढे याच जागतिक आरोग्य संघटनेनं सगळा पुरावा पुन्हा तपासून घेतला. १९९४ ते २०२२ मधल्या ६३ अभ्यासांचा तो आढावा २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला, आणि मोबाइल वापर व मेंदूचा कर्करोग यांचा संबंध त्यात दिसला नाही. दहा वर्षांहून जास्त वापरणाऱ्यांतही नाही.

राहिलं ब्लूटूथ. कानाच्या मशीनमधलं ब्लूटूथ काही मिलिवॅटवर चालतं, म्हणजे फोनच्या कमाल शक्तीच्या कितीतरी पट कमी. आणि गंमत अशी की मशीन लावलेलं असताना मावशीचा फोन टेबलावर असायचा, आवाज थेट कानात यायचा. आता ती तोच फोन आवाज पूर्ण वाढवून कानाला दाबून धरते. रेडिएशनच्या भीतीनं तिनं जास्त शक्तीचा अँटेना डोक्याला चिकटवला आहे. त्यानंही काही होणार नाही, पण मेसेजचं तर्कशास्त्र लक्षात यावं म्हणून सांगते.

खरा राग मला तिसऱ्या मुद्द्याचा आहे. ‘डिजिटल डिमेन्शिया’ हे नाव जर्मन मनोविकारतज्ज्ञ मान्फ्रेड श्पिट्झर यांनी २०१२ मध्ये गाजवलं. रोगांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात असा रोग नाही. त्यात व्हिडिओ गेमच्या अतिरेकाचा विकार आहे, तोही कडक निकषांसह. फोन वापरल्यानं होणारा डिमेन्शिया नाही. आणि वयस्कर माणसांच्या बाबतीत आतापर्यंत जे दिसलंय ते मेसेजच्या नेमकं विरुद्ध आहे. ‘नेचर ह्यूमन बिहेविअर’ या नियतकालिकात २०२५ मध्ये बेंज आणि स्कलिन या दोन संशोधकांनी ५७ अभ्यासांचं एकत्रित विश्लेषण छापलं. मध्यमवयीन आणि वृद्ध मिळून ४ लाख ११ हजारांहून जास्त माणसं. संगणक, फोन, इंटरनेट वापरणाऱ्यांत बौद्धिक ऱ्हासाचा धोका ५८ टक्क्यांनी कमी आढळला. फोनमुळेच मेंदू शाबूत राहिला असं यावरून सिद्ध होत नाही. ज्यांचा मेंदू तल्लख, तेच फोन जास्त वापरत असतील, असंही काही अंशी असणार. पण शिक्षण, उत्पन्न, तब्येत या गोष्टी हिशेबात धरूनही तो फरक उरला. फोननं डिमेन्शिया होतो असं म्हणणाऱ्याला एवढ्या माणसांत उलटा आकडा का दिसतो, याचं उत्तर द्यावं लागेल.

आता कानाचं मशीन. डिमेन्शियाच्या प्रतिबंधावरचा ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाचा २०२४ चा अहवाल या विषयावरच्या सर्वांत भक्कम दस्तऐवजांपैकी एक आहे. त्यात बदलता येण्याजोगे १४ धोके दिलेत. हे सगळे दूर झाले तर जगातले सुमारे ४५ टक्के डिमेन्शिया टाळता किंवा पुढे ढकलता येतील, असा आयोगाचा अंदाज. उच्च रक्तदाब, धूम्रपान, मधुमेह, एकटेपणा, न सुधारलेली नजर. आणि यादीत सर्वांत मोठा वाटा ज्यांचा आहे त्यांपैकी एक, सुमारे ७ टक्के, ऐकू कमी येण्याचा. आयोगाची शिफारस सरळ आहे: ज्यांना ऐकू कमी येतं त्यांना श्रवणयंत्रं मिळाली पाहिजेत. स्मार्टफोनचं नाव त्या १४ मध्ये नाही.

थोडक्यात, डिमेन्शिया टाळायचा म्हणून या मेसेजनं एका बाईच्या कानातून तीच वस्तू काढायला लावली, जी डिमेन्शियाचा धोका कमी करायला सांगितली जाते. ऐकू येईनासं झालं की माणूस बोलण्यातून अंग काढून घेतो, फोन टाळतो, चारचौघांत बसेनासा होतो. म्हणजे यादीतला एकटेपणाही आपोआप जोडला जातो. मेसेज लिहिणाऱ्याला यातलं काही ठाऊक नसेल. पण ‘अवलंबून असणं’ आणि ‘व्यसन’ यांची सरमिसळ त्यानंच केली आहे. मावशी कानाच्या मशीनवर अवलंबून आहे, तशी ती चष्म्यावरही आहे. चष्मा २१ दिवस काढून ठेवा असं तिला कुणी सांगितलं असतं तर तिनं त्याला वेड्यात काढलं असतं.

स्मरणशक्तीबद्दल एक गोष्ट मात्र मान्य करायला हवी. आयतं मिळालं की ते करायची सवय जाते. जीपीएसवर चालणाऱ्यांची स्वतः रस्ता शोधण्याची स्मृती कमजोर आढळली, असा २०२० चा एक अभ्यास आहे. त्यात तीन वर्षांनी पुन्हा तपासलेली माणसं मोजून १३ होती, तेव्हा फार ताणू नये. फोन नंबर कुणाला पाठ नसतात, मलाही नसतात. सराव सुटला म्हणजे रोग झाला असं नाही.

उरलेल्या तीन मुद्द्यांवर फार वेळ घालवण्यात अर्थ नाही. डोपामाइन काही व्यसनाचं विष नाही. ते कमी पडलं तर पार्किन्सन्स (कंपवात) होतो. नोटिफिकेशन आणि कोकेन यांची बरोबरी करणारं मोजमाप मेसेजनं दिलेलं नाही. जॉब्सची गोष्ट बऱ्यापैकी खरी आहे: मुलांनी आयपॅड वापरलेला नाही, घरी तंत्रज्ञानाच्या वापरावर आम्ही मर्यादा घालतो, असं त्यानं २०१० मध्ये एका पत्रकाराला सांगितलं होतं. त्यातून मर्यादा घालावी एवढं निघतं, मेंदूला भोक पडतं असं नाही. आणि २१ दिवसांत सवय बदलते? लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या २०१० च्या अभ्यासात नवी सवय अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागले, कुणाला १८, तर कुणाला २५४ दिवस लागतील असं दिसलं.

मला जास्त खटकतं ते मेसेजमध्ये नसलेलं. लोक फोनला चिकटतात ही तक्रार खोटी नाही, मीही चिकटते. पण ते लहरींमुळे नव्हे. बोट सरकवत राहिलं की पान संपतच नाही, ही रचना अॅझा रास्किन यांनी २००६ मध्ये केली आणि पुढे त्यांनीच तिच्याबद्दल जाहीर खंत व्यक्त केली. एक व्हिडिओ संपला की दुसरा आपोआप सुरू होणं, अॅप रोज न उघडल्यास तुटणारी दिवसांची साखळी, लाल ठिपका, ही सगळी कुणीतरी ठरवून, तपासून केलेली रचना आहे. त्यातलं बरंच सेटिंगमध्ये जाऊन बंद करता येतं. माणसांचे फोन आणि मेसेज सोडून बाकीची नोटिफिकेशन बंद, ऑटोप्ले बंद, झोपताना फोन दुसऱ्या खोलीत. अलार्मसाठी लागत असेल तर हाताच्या अंतरावर, पण उशीखाली नको, कारण तिथे चार्जिंगला लावलेला फोन तापतो. मेसेजमध्ये यातलं एकही वाक्य नाही. डावा कान मात्र आहे.

शिवाय ‘२१ दिवस पूर्ण बंद’ हे सरसकट सगळ्यांना सांगितलंय. दंडावर ग्लुकोज सेन्सर लावणारी माणसं आहेत. रात्री झोपेत साखर उतरली तर त्यांच्यापैकी अनेकांना फोनचा अलार्मच उठवतो. पडल्यावर घरच्यांना आपोआप कळावं म्हणून घड्याळ वापरणारी एकटी राहणारी माणसं आहेत, आणि त्यांतली बरीच घड्याळं फोनशिवाय कुणाला कळवू शकत नाहीत. हा मेसेज ज्यांनी पुढे पाठवला त्यांनी त्याच ग्रुपवर निदान एवढं लिहावं की श्रवणयंत्र, सेन्सर किंवा तसलं काही वापरणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय फोन किंवा ब्लूटूथ बंद करू नये. आमच्या ग्रुपवर मी ते लिहिलंय. त्यावर आतापर्यंत एक हात जोडलेला इमोजी आला आहे, आणि त्याखाली पुन्हा तोच मेसेज, दुसऱ्या कुणीतरी पाठवलेला.